मामाच्या डब्यातली क्रिकेट कार्डं: अदलाबदल करू का?

गिरगावचा_भाचा:

मंडळी नमस्कार, जरा सल्ला हवाय. मामाची गिरगावातली चाळ रीडेव्हलपमेंटला चाललीये, सामान हलवायचंय म्हणून पोटमाळा आवरायला घेतला तर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात तीन पिढ्यांचा माल. सगळ्यात खाली सिगरेटच्या पाकिटातून यायची ती क्रिकेटर्सची कार्डं, जॉन प्लेअर अँड सन्स, पाठीमागे क्रिकेटर्स १९३८ असं छापलंय आणि खाली त्या खेळाडूची माहिती. ३४ आहेत. ब्रॅडमन आहे, हॅमंड आहे, बाकी बरीच नावं मी ऐकलेली पण नाहीत. आजोबांचे एक दोस्त बोटीवर होते ते आणून द्यायचे म्हणे. त्याच्यावर बिग फन बबलगमची कार्डं, ही माझी आणि मामेभावाची, रबरबँड लावलेला गठ्ठा. आणि वर डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं, अर्धवट, योकोझुनाचा कोपरा कुणीतरी चावलाय.

मामा म्हणतो सगळं तूच ने, फक्त विकू नकोस, बदलाबदली करायची तर कर. आता गंमत अशी की मी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला तर लगेच एकाचा मेसेज आला की प्लेअर्सची सगळी ३४ दे, मी तुला सचिनचं रुकी कार्ड (म्हणजे अगदी सुरुवातीच्या वर्षातलं) देतो, ग्रेड १०, कडक प्लास्टिकच्या केसमध्ये सीलबंद. वर अमेरिकेत कार्डांना कसले भाव येतात त्याचे चारपाच स्क्रीनशॉट. आता सचिन म्हटलं की माझा जीव खालीवर होतो हे घरात सगळ्यांना माहितीये, पण एवढ्या घाईने कोणी काही द्यायला लागला की संशय पण येतो. सौदा बरोबरीचा आहे का? आणि डब्याला कुबट वास मारतोय, कार्डं कशात ठेवायची तेही सांगा.

सिली_पॉइंट:

थांब जरा, आधी काही देऊ नकोस.

पहिली गोष्ट, ग्रेड १० म्हणजे कोणाची ग्रेड? अमेरिकेत पीएसए आहे, १९९१ पासून कार्डं तपासून १ ते १० अशी ग्रेड देतात, बेकेट आणि एसजीसी पण आहेत. यांच्या प्रत्येक केसवर एक सर्टिफिकेट नंबर असतो आणि तो त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो की हेच कार्ड आहे का. तो नंबर माग. दिला तर टाकून बघ, आणि तिथे कार्डाचा फोटो असला तर हातातलं कार्ड त्याच्याशी जुळव, कारण खऱ्या नंबरच्या खोट्या केसेस पण बनतात. नंबर नाही म्हणाला किंवा भलत्याच कुठल्यातरी नावाचं ग्रेडिंग असेल तर तो १० चा आकडा म्हणजे त्याने स्वतः छापलेला आकडा समज, प्लास्टिकची केस काय कोणीही मागवतो.

दुसरी गोष्ट ‘रुकी’. हा शब्द बेसबॉलवाल्यांचा. तिकडे टॉप्स नावाची कार्डांची कंपनी पन्नासच्या दशकापासून दरवर्षी सेट काढत आलीये त्यामुळे अमुक खेळाडू पहिल्यांदा कुठल्या वर्षीच्या सेटमध्ये आला ते सांगता येतं. आपल्याकडे असं काही नव्हतंच. सचिन नोव्हेंबर १९८९ ला कराचीत पहिली टेस्ट खेळला, तेव्हा इथे कार्डं म्हणजे बबलगमबरोबर यायची ती, त्यांच्यावर साल पण धड नसायचं. पुढे नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियात फ्युटेराने क्रिकेटची चांगली चकचकीत कार्डं काढली पण तोवर सचिन काही रुकी राहिला नव्हता. त्यामुळे विकणारा रुकी म्हणतो तेव्हा त्याला विचारायचं, कुठल्या कंपनीचं, कुठल्या सालचं आणि कशावरून. या तिन्हीचं उत्तर एका वाक्यात आलं तर पुढे बोलायचं.

आणि ते अमेरिकेचे स्क्रीनशॉट डिलीट कर बाबा. २०२२ मध्ये टॉप्सचं १९५२ चं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, खरं आहे, पण त्याने दादर स्टेशनबाहेर कोणाला काय फरक पडतो? तिकडे घेणारे हजारो आहेत, लिलाव आहेत, वर्षानुवर्षांच्या विक्रीचे रेकॉर्ड आहेत. इथे जुनी क्रिकेट कार्डं पैसे मोजून घेणारे किती? मी ज्यांना ओळखतो ते सगळे एका मिनी बसमध्ये बसतील आणि त्यातले निम्मे फुकट मागतील.

पानवाला_गणू:

एवढं काय त्यात, कागदाचे तुकडे आहेत, देऊन टाक आणि सचिन घे. निदान भिंतीवर लावता तरी येईल. ब्रॅडमनला आपल्या घरात कोण ओळखतंय.

शिळाप्रेस:

गणूशेठ तुम्ही पुढच्या धाग्यावर जा 😄

भाचेबुवा, प्लेअर्स १९३८ बद्दल मला थोडंफार सांगता येईल, वडील प्रेसमध्ये होते त्यामुळे छपाईचा किडा आमच्या घरातच. पूर्ण सेट ५० चा आहे, म्हणजे तुमच्याकडे १६ कमी. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता म्हणून ब्रॅडमन आणि मंडळी त्यात आहेत. हा सेट दुर्मिळ वगैरे बिलकुल नाही हे आधीच सांगतो. सिगरेट कंपन्यांनी ही कार्डं ढिगाने छापली आणि इंग्लंडात लोकांनी अल्बममध्ये लावून नीट जपली, त्यामुळे तिकडे आजही अख्खा सेट सहज मिळतो आणि फार महाग नसतो. एकट्या ब्रॅडमनला बाकीच्यांपेक्षा जास्त मागणी. पुढे दुसरं महायुद्ध लागलं, कागदाची टंचाई आली आणि १९४० च्या सुमारास ही कार्डं यायचीच बंद झाली. त्याच्या फार आधीची, म्हणजे विल्सचा १८९६ चा सेट ज्यात रणजी आहेत, ती मात्र वेगळीच जात, ती कुठे दिसली तर मला आधी फोन करा.

आता खरी की खोटी. आधी पट्टी घेऊन मोजा, साधारण ६८ बाय ३६ मिलिमीटर भरलं पाहिजे. एखादं दीड-दोन मिलिमीटर कमी भरलं तर कोणीतरी झिजलेली कड कापून सरळ केलीये, आणि कापलेल्या कार्डाला संग्राहक विचारत नाहीत. मग भिंग घ्या, घड्याळवाले वापरतात ते दहापटीचं चालेल, फोर्टात किंवा लोहार चाळीत मिळतं. पाठीवरची इंग्रजी अक्षरं बघा. मूळ छपाईत अक्षर सलग, भरीव शाईचं असतं. कोणी मूळ कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलं असेल तर अक्षरं पण ठिपक्याठिपक्यांची दिसतात, कडा फुटलेल्या दिसतात. इंकजेट असेल तर शाई कागदाच्या धाग्यांत पसरलेली दिसते, ते तर लगेच कळतं. तिसरं म्हणजे नोटा तपासायचा निळा यूव्ही टॉर्च. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालतात, ते १९५० च्या आसपास आलं, त्यामुळे १९३८ चा कागद अंधारात या टॉर्चखाली मंद, मळकट दिसला पाहिजे. निळापांढरा चमकला तर नवा कागद, विषय संपला. पण चमकला नाही म्हणजे खरंच असेल असं उलटं मात्र धरू नका, जुना कोरा कागद मिळवून छापणारे महाभाग असतात. काही जुने सेट नंतर रीतसर परत छापले गेलेत, अशांच्या पाठीवर बहुतेक वेळा तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेही बघा.

तुमची कार्डं आजोबांपासून घरातच आहेत म्हणताय म्हणजे खोटी असायचं काही कारण नाही. मी हे सांगतोय ते त्या सचिनसाठी. केसमध्ये सील असेल तर भिंग अर्धंच काम करतं, ना कड दिसत ना कागद हाताला लागत.

लालबागची_ट्रम्प:

मला मेन मुद्दा वेगळाच वाटतोय. सगळे ब्रॅडमनवर बोलतायत पण त्या डब्यातली खरी मजा बिग फनची आहे!!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बबलगमच्या आत छोटं कार्ड यायचं, पुढे क्रिकेटर आणि सोबत रन्स किंवा विकेट. रन्स जमवायचे आणि दुकानात नेऊन दिले की फ्लिपबुक मिळायचं, पानं भर्रकन सोडली की बॅट्समन शॉट मारताना दिसायचा. आमच्या लालबागच्या चाळीत सहा रन्सवाल्या कार्डाला जो भाव होता तो सोन्याला नव्हता. आता विचार करा, पोरांनी कार्डं गोळा करून देऊनच टाकली, उरलेली गटारात, नाहीतर परीक्षेच्या आधी आईने फेकली. म्हणून धड, न चुरगळलेली कार्डं आज दिसत नाहीत. मँटलचं कार्ड एवढं महाग का, तर टॉप्सच्याच साय बर्जरने सांगितलंय की १९५२ चा न खपलेला माल त्यांनी १९६० मध्ये बार्जवर घालून समुद्रात बुडवला. आमचा माल आयांनी बुडवला, एवढाच फरक.

आणि याच्या उलट उदाहरण पण अमेरिकेतच आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिकडे सगळ्यांना वाटलं कार्डं म्हणजे गुंतवणूक, कंपन्यांनी पण अफाट छापली, आणि सगळ्यांनी जपून ठेवली. आज त्यातली बहुतेक कवडीमोल आहेत. त्या काळाला तिकडे जंक वॅक्सच म्हणतात, म्हणजे मेणकागदाच्या पाकिटातली रद्दी.

पण सिली पॉइंट म्हणतात ते पण खरंय. बिग फन दुर्मिळ आहे म्हणून महाग आहे असं नाही, कारण घेणारेच नाहीत. आमच्यात त्याची अदलाबदलच चालते, पैशाची भाषा निघाली की लोक पळतात. मी स्वतः चोरबाजारात मटन स्ट्रीटला एका दुकानात जुन्या पोस्टकार्डांच्या खोक्यात बिग फनची अकरा कार्डं बघितली होती, दुकानदाराने आधी पंधराशे सांगितले, मी म्हटलं चाचा ये च्युइंगम का कागज है, तर तो म्हणाला मॅडम, च्युइंगम का होता तो आप बैठ के एक एक गिनती क्यों. गप्प बसले. शेवटी चारशेला दिली आणि वर एक फाटकं फ्लिपबुक टाकलं, त्याच्या लेखी तो कचरा होता आणि मी तेवढ्यासाठीच पंधराशे पण दिले असते. म्हणून सांगते, जे हवंय त्याच्याकडे बघायचं नाही, बाजूचं उचलून भाव विचारायचा.

तिथे शुक्रवारी दुकानं बंद असतात पण पहाटे रस्त्यावर माल मांडतात, टॉर्च घेऊन जावं लागतं. फोर्टात जीपीओच्या आसपास तिकिटं-नाणीवाले आहेत त्यांच्याकडे कधीतरी सिगरेट कार्डं निघतात कारण जुने तिकिट अल्बम विकत घेताना ती त्यातच येतात. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे मला तरी कार्डं कधी मिळाली नाहीत, क्रिकेटची जुनी मासिकं मिळतात. कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरतं तिथे एखाददुसरा असतो पण तिथले भाव नाणीवाल्यांच्या हिशोबाने, म्हणजे माझ्या ऐपतीबाहेर.

आणि भाचे, ट्रम्प कार्डांमध्ये अंडरटेकर आणि आंद्रे द जायंट आहेत का?? माझा सेट तिथेच अडलाय.

गिरगावचा_भाचा:

बापरे एवढं सगळं! मनापासून धन्यवाद.

त्या माणसाला सर्टिफिकेट नंबर मागितला. आधी म्हणाला भेटल्यावर दाखवतो, मग म्हणाला ही कंपनी नवीन आहे वेबसाइट बनतेय, मग म्हणाला तुझा विश्वास नसेल तर राहू दे मला दुसरी पार्टी आहे. म्हटलं दुसऱ्या पार्टीला शुभेच्छा. मामाला सांगितलं तर तो खूश, म्हणाला सचिनला मी शिवाजी पार्कला नेटमध्ये बघितलाय, मला त्याचं कार्ड कशाला दाखवतोस.

पट्टीने मोजली, सगळी ६८ बाय ३६ आहेत, टॉर्चखाली मातकट दिसतात. पण एक लफडं आहे. चार कार्डं एकमेकांना चिकटलीयेत, पाठीला काहीतरी डिंकासारखं आहे, आणि त्यातलं वरचं ब्रॅडमन आहे. नखाने सोडवू का? @लालबागची_ट्रम्प आंद्रे आहे, अंडरटेकर दोन आहेत.

शिळाप्रेस:

नखाने??? हात मागे घ्या आधी.

तो डिंकच आहे. तीसच्या दशकात प्लेअर्स आणि विल्सने बऱ्याच कार्डांच्या पाठीला तिकिटासारखा डिंक लावला होता, ओला करून अल्बममध्ये चिकटवायला, अल्बम एका पेनीला मिळायचा. इंग्लंडच्या हवेत ठीक, आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलाव्यानेच तो डिंक जागा होतो. ओढलं तर खालच्या कार्डाचा चेहरा वरच्याच्या पाठीला लागून येणार.

आत्ता काहीच करू नका, आहे तसं कोरड्या जागी ठेवा. कधीकधी पावसाळा संपल्यावर कडेने आपोआप सुटायला लागतं. नाहीच सुटलं तर संग्राहक लोक कोमट पाण्यात भिजवून सोडवतात, डिंक विरघळतो, मग टिपकागदात ठेवून वर वजन. रंग बहुतेक वेळा टिकतो पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही. म्हणून आधी एखाद्या सुट्या, डागाळलेल्या, अनोळखी खेळाडूवर करून बघा, ब्रॅडमनवर प्रयोग नको. म्युझियममध्ये, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, कागद-चित्रांवर काम करणारं कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे पण या कार्डांच्या किमतीपुढे तो खर्च झेपणार नाही, ती वाट रणजी सापडले तर.

ठेवायचं म्हणाल तर रबरबँड आजच्या आज काढा. जुना रबर वितळून कडेला पिवळा पट्टा पाडतो तो जात नाही. स्टेशनरीवाल्याकडचे मऊ, वास येणारे प्लास्टिकचे पाऊच घेऊ नका, ते पीव्हीसी असतं आणि काही वर्षांनी चिकट होऊन कार्डाचा रंग ओढतं. पॉलिप्रॉपिलीन लिहिलेलं बघून घ्या. ऑनलाइन पेनी स्लीव्ह (पातळ पाऊच) आणि टॉपलोडर (कडक प्लास्टिकची खोळ) मिळतात पण ते अमेरिकन मापाचे, अडीच बाय साडेतीन इंच, त्यात तुमचं सिगरेट कार्ड इकडून तिकडे घरंगळत राहील आणि कोपरे मार खातील. सिगरेट कार्डांची वेगळी पानं येतात, एका पानात दहा खण. इंग्लंडहून मागवावी लागतात. डबा हवाबंद घ्या, आत ओल शोषणारं सिलिका जेल, रंग बदलणारं घ्या म्हणजे कधी तापवायचं ते कळतं. डांबराच्या गोळ्या नकोत. आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, मुंबईत त्या भिंतीला ओल येतेच.

सिली_पॉइंट:

इंग्लंडहून मागवायचा विषय निघालाय म्हणून, राहिलेली १६ कार्डं तुला तिकडून सुटी घेता येतील, ब्रॅडमन तुझ्याकडे आहेच त्यामुळे बाकीची स्वस्तात पडतील. पण एकेक मागवू नकोस, एकाच विक्रेत्याकडून एकदम घे कारण कार्डापेक्षा टपाल महाग. पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून येतं, कस्टम्सवाले ड्युटी लावू शकतात आणि ती गृहीत धरूनच हिशोब कर. गिफ्ट म्हणून पाठवा वगैरे आयडिया विक्रेत्याला देऊ नकोस, २०१९ च्या शेवटी ती सवलत राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बाकी सगळ्यांची गेली.

आणि कोणी म्हणालं की तुझं ब्रॅडमन पीएसएला पाठव तर पाठवू नकोस. जायचं टपाल, फी, विमा, येताना परत कस्टम्स, हे सगळं मिळून कार्डाच्या किमतीच्या कितीतरी वर जातं. ज्याला विकायचंय आणि ज्याचं कार्ड तेवढं महाग आहे त्याने ग्रेडिंग करावं. तुला मामाने विकायला बंदीच केलीये.

पानवाला_गणू:

म्हणजे एवढा उहापोह करून शेवटी पैसे शून्य. कमाल छंद आहे.

लालबागची_ट्रम्प:

गणू तुमच्याकडे जुन्या पाकिटांतली कार्डं असतील तर बघा बरं, पानपट्टी किती सालची? मी खरंच विचारतेय.

भाचे!! दोन अंडरटेकर!! एक मला द्या. माझ्याकडे योकोझुना न चावलेला आहे, शिवाय बिग फनची डबल आलेली सात-आठ आहेत त्यात तुमच्याकडे नसलेली उचला. सौदा असा की अंडरटेकरला मी योकोझुना देते, आणि आंद्रेला, मला माहितीये आंद्रे एकच आहे तुमच्याकडे, पण अर्धवट सेट तुम्हाला काय कामाचा, आंद्रेला मी ते फाटकं फ्लिपबुक सोडून काहीही देईन. आधी दोघांनी आपापल्या कार्डांचे दोन्ही बाजूंचे फोटो टाकायचे, उजेडात, स्लीव्हमधून बाहेर काढून, नंतर कुरकुर नको.

गिरगावचा_भाचा:

अंडरटेकर नक्की तुमचा. आंद्रेचं मामेभावाला विचारावं लागेल, तो आता नाशकाला असतो आणि डब्याचं ऐकल्यापासून त्याला अचानक सगळं आठवायला लागलंय, त्याचं म्हणणं ट्रम्प कार्डं अख्खी त्याचीच होती. फोटो आज रात्री टाकतो.

लालबागची_ट्रम्प:

त्याला म्हणावं फाटकं फ्लिपबुक पण देते. बस्स, याच्या वर नाही. रविवारी दादरला भेटू, वेस्टला छबिलदासच्या गल्लीत, साडेदहाच्या आत या नंतर तिथे उभं राहता येत नाही. पाऊस असेल तर आदल्या दिवशी सांगा, पावसात मी कार्डं घराबाहेर काढत नाही.